कवळाण्याचा मुलगा आणि कमाटी बागेतले पाच तास



गेल्या जून महिन्यातली गोष्ट. रविवारची मिस्सा संपली, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला आणि मी फळा पुसत होते. एक आई दाराशी थांबली होती. तिचा मुलगा माझ्या दृढीकरणाच्या वर्गात आहे. नुकताच दहावी झाला होता.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली, "पण तुम्हीच त्याच्या डोक्यात काहीतरी भरवलंत. तो म्हणतो, आर्ट्सला जातो. इतिहास शिकतो. आता मुलीचं एक वेळ ठीक आहे, पण मुलाच्या जातीला इतिहास शिकून पोट भरतं का?"

मी स्वतः बी. ए. झालेली, त्यामुळे उत्तर द्यायला जीभ वळवळत होती. पण त्या बाईचा नवरा शिफ्टमध्ये काम करतो, घर भाड्याचं आहे आणि मोठा मुलगा तोच. तिच्या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देणं बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, "मला थोडा वेळ द्या." त्या विचारातूनच हा लेख झाला. उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पाणीगेटच्या कमानीतून आत शिरलं की मांडवी लागते, पुढे लहेरीपुरा दरवाजा, मग सूरसागर, आणि तिथून सयाजीगंजकडे गेलं की आमच्या आर्ट्स फॅकल्टीचा तो मोठा घुमट दिसतो. या एवढ्या रस्त्यावरच आपल्या प्रश्नाचा सगळा इतिहास पसरलेला आहे.

बारा वर्षांचा मुलगा

१८७५ साली बडोद्याचे मल्हारराव गायकवाड गादीवरून दूर झाले. गादीला वारस हवा होता. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावातून गायकवाडांच्या दूरच्या शाखेतली तीन मुलं बडोद्यात आणली गेली. त्यांतला एक गोपाळराव, काशीराव गायकवाडांचा मुलगा, जन्म १८६३चा. घर शेतकऱ्याचं. शाळा म्हणावी अशी त्याच्या वाट्याला आलीच नव्हती. २७ मे १८७५ रोजी त्याचं दत्तकविधान झालं आणि गोपाळरावाचे सयाजीराव झाले.

विचार करा. आपल्या वर्गातल्या सातवीच्या मुलाएवढा तो होता. कालपर्यंत शेताच्या बांधावर खेळणारा मुलगा आज एका संस्थानाचा धनी. अशा मुलाला काय शिकवाल? कारभार चालवायचा म्हणून हिशेब? सही करायची म्हणून अक्षरओळख? तेवढ्यावर भागलं असतं. राज्य चालवायला दिवाण होतेच.

पण दिवाण होते राजा सर टी. माधवराव. हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, कुंभकोणमला जन्मलेले, मद्रासच्या शाळेत गणितात नाव काढलेले आणि त्रावणकोरचे दिवाण म्हणून गाजलेले. त्यांनी आणि इंग्रज सरकारने मिळून मुलासाठी पूर्ण शिक्षण ठरवलं. १८७५च्या डिसेंबरात एफ. ए. एच. इलियट नावाचे मुलकी अधिकारी शिक्षक म्हणून आले. पुढे १८८३ साली बडोद्याचं गॅझेटिअर लिहिलं तेही यांनीच. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा, गणित, इतिहास, भूगोल. त्याबरोबर घोड्यावर बसणं, कुस्ती आणि व्यायाम. मुलाला एकट्याला कोंडून शिकवलं नाही. त्याच्याबरोबर त्याच्या भाऊबंदांची मुलंही शिकत होती.

हे शिक्षण सहा वर्षं चाललं. शेवटच्या वर्षी, १८८१ साली, माधवरावांनी तरुण महाराजांना राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. ती पुढे पुस्तकरूपानेही निघाली. राजाने कायद्याच्या आत राहावं, न्यायालयाच्या कामात हात घालू नये, खाजगी खर्चाला मर्यादा घालावी, आणि रयतेचं सुख हे आपलं पहिलं काम समजावं, हा त्यांचा आशय. अठरा वर्षांच्या मुलाला, ज्याच्या हाती उद्या सगळी सत्ता येणार होती, त्याला 'तू काय करू शकतोस' यापेक्षा 'तू काय करू नयेस' हे आधी शिकवलं गेलं. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्या हाती अधिकार आले.

मोकळ्या माणसाची विद्या

युरोपात या प्रकारच्या शिक्षणाला जुनं नाव आहे: लिबरल आर्ट्स. लॅटिन भाषेत 'लिबर' म्हणजे मोकळा, गुलाम नसलेला. मोकळ्या माणसाला शोभणारी विद्या ती ही. ख्रिस्ती मठांनी आणि विद्यापीठांनी तिच्या सात शाखा मानल्या. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या पहिल्या तीन. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या पुढच्या चार. येशूसंघीय धर्मगुरूंनी १५९९ साली आपल्या शाळांसाठी जो अभ्यासक्रम पक्का केला, त्यात भाषा आणि साहित्य यांना मोठा मान होता. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली निघालं ते याच परंपरेतून.

या विद्येचा हेतू नोकरी हा नव्हता. नोकरी मिळायची, पण ती मागून. मुलाला शब्द नीट वापरता यावेत, खरं-खोटं पारखता यावं, दुसऱ्याच्या काळात आणि दुसऱ्याच्या जागी मनाने जाता यावं, म्हणजे तो आपल्या लहरीचा आणि दुसऱ्याच्या धाकाचा गुलाम राहणार नाही, असा त्यामागचा विश्वास होता.

पवित्र शास्त्रालाही ही कल्पना परकी नाही. मोशेची गोष्ट आठवा. तोही दत्तक मुलगा, राजकन्येने वाढवलेला. मिसरची सगळी विद्या तो शिकला, असं प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफन आपल्या भाषणात सांगतो. पण निर्गमच्या पुस्तकात मोशेच्या शिकण्याचा एक शब्दही नाही. तिथे एवढंच आहे की तो मोठा झाल्यावर राजवाड्यातून बाहेर पडला आणि आपल्या बांधवांचे कष्ट त्याने डोळ्यांनी पाहिले. विद्या आत मिळाली, पण तिची परीक्षा बाहेर झाली.

सयाजीरावही बाहेर पडले. अधिकार हाती आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत त्यांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या. तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू झालं, मुलांना आणि मुलींनाही. १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. स्वतः उशिरा अक्षरं गिरवलेल्या मुलाने दुसऱ्यांच्या मुलांवर ती वेळ येऊ दिली नाही.

आणि तो घुमट. १८८१ साली बडोदा कॉलेज सुरू झालं. १८९३ साली तरुण अरविंद घोष इंग्लंडहून बडोद्याला आले. लंडनला आणि केंब्रिजला ग्रीक-लॅटिन शिकलेले. त्यांनी या कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवलं आणि पुढे ते उपप्राचार्य झाले. कन्हैयालाल मुनशी इथलेच विद्यार्थी. मीही अनेक वर्षांनी याच घुमटाखाली इतिहासाचे तास केले आहेत. डबा खायला कमाटी बागेत जायचो. त्या बागेत आणखी कोण येऊन बसलं होतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

पाच तास

इथपर्यंतची गोष्ट सांगून मी थांबले असते, तर लेख गोड झाला असता. पण तो खरा झाला नसता.

भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला सयाजीरावांनी मुंबईला एलफिन्स्टन कॉलेजात शिकण्यासाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली त्यांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तिथे त्यांनी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान हे सगळं पोटभर शिकून घेतलं. शिष्यवृत्तीच्या करारात बडोद्याची नोकरी होती, म्हणून १९१७ साली ते इथे आले. महालेखापालांच्या कचेरीत नेमणूक झाली. पण राहायचं कुठे?

त्यांनी स्वतःच्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलं आहे. जात कळली तर हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नाही, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून उतरले. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी लाठ्या घेऊन दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम देऊन गेले.

मग ते एका हिंदू मित्राकडे गेले. मित्राला वाईट वाटलं, पण तो म्हणाला की तुम्हाला घरात घेतलं तर माझे नोकर निघून जातील.

बंधुभगिनींनो, पुढचं वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो. त्यांचा दुसरा मित्र ख्रिस्ती होता. आपला माणूस. आंबेडकरांनी त्याला विचारलं, तुमच्याकडे राहू का? तो म्हणाला, माझी पत्नी उद्या येते आहे, तिला विचारावं लागेल. हे नकाराचंच सभ्य रूप होतं, हे आंबेडकरांना नंतर कळलं. ते नवरा-बायको मूळचे ब्राह्मण. ख्रिस्ती झाल्यावर नवऱ्याचे विचार मोकळे झाले, पण बायकोने जुनं सोवळं सोडलं नव्हतं. अस्पृश्याला तिने घरात घेतलं नसतं.

मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास काढायला जागा नव्हती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला तो सव्वीस वर्षांचा तरुण कमाटी बागेत जाऊन बसला. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. बाग इथे. कॉलेजचा घुमट तिथे, पायी जाण्याच्या अंतरावर. त्या वेळेपर्यंत कॉलेज सुरू होऊन ३६ वर्षं झाली होती. त्या घुमटाखाली शेकडो मुलं शिकून गेली होती. शेक्सपिअर शिकली होती, कालिदास शिकली होती, तर्कशास्त्राचे पेपर देऊन पास झाली होती. त्यांतली कितीतरी याच शहराच्या कचेऱ्यांत बसत होती. आणि एकही दार उघडलं नाही. राजाची शिष्यवृत्ती होती, पण राजाच्या राजधानीत झोपायला खोली नव्हती.

आणि आपल्या त्या ख्रिस्ती घरात बायबल असणारच. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू शेवटच्या न्यायाच्या दिवशी जे विचारणार आहे, ते त्या घरात वाचलं गेलं असेल. परका दाराशी आला तेव्हा तुम्ही काय केलंत, हाच तो प्रश्न. तो परका खरोखर दाराशी आला, तेव्हा उत्तर मिळालं: बायकोला विचारतो.

बाप्तिस्मा झाला, पण कप बदलला नाही

मी त्या बाईला नावं ठेवायला हे लिहिलेलं नाही. माझ्या आजीच्या घरी सफाईला येणाऱ्या मावशींसाठी वेगळा कप होता. कान तुटलेला, मोरीच्या कट्ट्यावर उपडा ठेवलेला. आजी रोज रोझरी म्हणायची. आईने घर घेतलं तेव्हा तो कप आमच्याकडे आला नाही, पण तसाच दुसरा आला. माझ्या लग्नानंतर माझ्याही घरात एक होता. मी बी. ए., इतिहास घेऊन. दलित चळवळीवर परीक्षेत निबंध लिहून आलेली. एकदा वर्गातला एक मुलगा पुस्तक परत द्यायला घरी आला. पाणी प्यायला त्याने समोर दिसला तो कप उचलला आणि मी नकळत ओरडले, "तो नको, तो त्यांचा आहे!" तो म्हणाला, "त्यांचा म्हणजे कोणाचा, टीचर?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी तो कप गेला. पण तो इतकी वर्षं तिथे होता, हे मला माझ्या पदवीने दाखवलं नव्हतं. एका तेरा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाने दाखवलं.

म्हणजे शिक्षण वाया गेलं का? तसं मला वाटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत राहायला आल्या तरी सोवळं पाळत होत्या, स्वयंपाक वेगळा करत होत्या. मन बदलायला वर्षं लागली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्याआधीच त्यांच्या मनातली जात गळून पडली होती. बडोद्यातल्या त्या घरात बाप्तिस्मा आधी झाला आणि जात राहून गेली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जात आधी गेली. त्यांच्याजवळ पदवी नव्हती. त्यांनी स्वतःच्या मनाशी प्रामाणिक भांडण केलं आणि ते आपल्यासाठी लिहूनही ठेवलं.

सयाजीरावांच्या घरातही हेच दिसतं. स्वतःला जे मिळालं त्याहून मोठं शिक्षण त्यांनी मुलांना दिलं. कोणी ऑक्सफर्डला गेलं, कोणी हार्वर्डला. तरीही फत्तेसिंहराव १९०८ साली, शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंहराव १९२३ साली, असे तीन तरुण मुलगे वडिलांच्या डोळ्यांदेखत गेले. कोणत्याही बापावर येऊ नये असं हे दुःख. मोठ्या विद्यापीठाचं नाव मुलाला सगळ्यातून वाचवतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या घराकडे एकदा नम्रपणे पाहावं. १९३९ साली महाराज गेले तेव्हा गादीवर नातू बसला.

मग मुलांना काय द्यायचं?

लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूच्या वाढीबद्दल एक लहानसं वचन आहे. लूक त्यात चार दिशा सांगतो: बुद्धी, शरीर, देवाशी नातं आणि माणसांशी नातं. शाळा पहिली दिशा सांभाळते, मैदान दुसरी. तिसरीची जबाबदारी आपण धर्मशिक्षणाच्या वर्गावर टाकतो. चौथीचं काय? ती कोणाच्याच वेळापत्रकात नसते. आंबेडकर बागेत बसले ते त्या चौथ्या दिशेला कोणी शिकवलं नव्हतं म्हणून.

साहित्य आणि इतिहास ही चौथी दिशा उघडू शकतात. दुसऱ्याची गोष्ट त्याच्या शब्दांत वाचली की थोडा वेळ आपण त्याच्या जागी बसतो. पण तेवढ्यावर थांबलं तर ते परीक्षेपुरतं राहतं. पुस्तक मिटल्यावर दार उघडावं लागतं, आणि दार उघडण्याची सवय लहानपणीच लागते. म्हणून आमच्या वर्गात गेल्या वर्षापासून आम्ही साध्या गोष्टी सुरू केल्या आहेत. दर गुरुवारी संध्याकाळी मुलं तासभर मोठ्याने वाचतात: कधी बायबल, कधी चरित्र, कधी आत्मकथा. वाचून झालं की एकच प्रश्न विचारायचा: या गोष्टीत दाराबाहेर कोण राहिलं? महिन्यातून एकदा मुलगे चर्च झाडतात, आणि झाडणाऱ्या मावशी त्या दिवशी त्यांच्याबरोबर बसून चहा पितात, एकाच प्रकारच्या कपात. मुलग्यांना हे शिकवणं मला जास्त जरुरीचं वाटतं. आपल्या घरांत मुलींना वाढण्याची, विचारपूस करण्याची सवय जबरदस्तीने का होईना लावली जाते. मुलगे मात्र वाढून घ्यायला बसतात. त्या ख्रिस्ती मित्रानेही निर्णय बायकोवर ढकलला. आपल्या मुलाने पुढे असं करू नये, एवढं तरी आपण पाहू शकतो.

त्या आईला मी शेवटी काय सांगितलं? मी म्हटलं, "शाखा कोणती घ्यायची ते घरची परिस्थिती बघून ठरवा. पोटाचा प्रश्न खोटा नाही. पण इतिहास पोरापासून तोडू नका." मुलाने कॉमर्स घेतलं. घरात ते एकमताने ठरलं आणि मला त्यात वाईट काही वाटत नाही. गुरुवारी तो वाचायला येतो. मागच्या महिन्यात आम्ही सगळी मुलं घेऊन पाणीगेटहून संकल्पभूमीपर्यंत चालत गेलो. तिथे उभं राहून त्याने त्या पाच तासांची गोष्ट वाचली. वाचून झाल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आधीच तो म्हणाला, "टीचर, त्यांनी आपल्या घरी विचारलं असतं तर?"

वाचकहो, हा प्रश्न मी तुमच्याकडे सोपवते. आज रात्री जेवताना मुलांसमोर तो काढा. आपल्या भाड्याच्या खोलीची जाहिरात देताना, मुलाच्या मित्राचं आडनाव विचारताना, स्वयंपाकघरातल्या फळीवरचा तो वेगळा कप पाहताना तो काढा.

प्रभू येशू, तू सुताराच्या घरात वाढलास आणि मंदिरात शास्त्र्यांना प्रश्न विचारलेस. आमच्या मुलांना शिकण्याची गोडी दे आणि विचारण्याचं धैर्य दे. आम्ही शिकलो, पण दार लावून बसलो, त्याबद्दल आम्हाला क्षमा कर. जो बागेत एकटा बसला आहे, त्याला आमच्या घरी आण, आणि तो येईल तेव्हा आम्हाला घरात असू दे. आमेन.